ज्युनियरशिप आणि मेंटॉरशिप: अशिलाचं बोलणं कुठवर न्यायचं

साताऱ्याच्या कोर्टात नवीन सनद घेऊन आलेली पोरंपोरी ज्युनियरशिप आणि मेंटॉरशिप या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात, कारण दोन्हीकडं समोरच्याला आपण 'सर'च म्हणतो आणि तेही मनापासून शिकवतात. पण सीनियरकडं आपण अशिलाचं काम करतो, मेंटॉरकडं फक्त स्वतः शिकायला जातो.

ऑफिसातल्या ज्युनियरचं सोपं आहे. अशील सीनियरकडं आला, फाईल आपल्या हातात आली, वकीलपत्रावर आपलंही नाव आहे (नसेल तर घालून घ्या, पुढं वाद नको), मग त्यानं सांगितलेलं सीनियर, आपण आणि क्लार्क यांच्यात फिरलं तरी ते गुपितच राहतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ हेच सांगतं, वकिलाचे क्लार्क, कर्मचारी, दुभाषी सगळे त्यात येतात, १८७२ च्या जुन्या कायद्यात हे १२६ आणि १२७ ला होतं. आणि काम संपलं, ऑफिस सोडलं तरी बंधन सुटत नाही, हे लई जण विसरतात.

मेंटॉरचं तसं नाही. तो बारमधला (वकील संघटनेतला) ज्येष्ठ असो, कॉलेजनं जोडून दिलेला असो, नाहीतर ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून तिकडं ओळख झालेला कुणी असो, अशिलानं त्याला नेमलेलं नाही. त्याच्याशी फाईल बोलायची तर अशिलाची स्पष्ट संमती पाहिजे.

"मी नाव कुठं घेतलं?" हे तर अजिबात चालत नाही. वाईकडचा वाटपाचा दावा, थोरला मुंबईला माथाडी, बहीण म्हणते हक्कसोडपत्रावर फसवून सही घेतली, एवढं बोललात की बार रूममधल्या निम्म्या लोकांना घर कळतं, आणि उद्या तेच सर समोरच्या भावाचं वकीलपत्र घेऊन उभे राहू शकतात. त्यापेक्षा कायदा विचारा ना: फसवणुकीनं झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून मागायला मुदत कधीपासून धरायची? ते सांगतील, लिमिटेशन ॲक्टचं आर्टिकल ५९ बघ, फसवणूक कळल्यापासून ३ वर्षं. तुमचं काम झालं, बहिणीचं काहीच बाहेर गेलं नाही.

फाईल दाखवल्याशिवाय भागतच नसेल तर आधी स्वतःच्या सीनियरना विचारा, मग अशिलाकडून लेखी संमती घ्या, किंवा सरळ त्या सरांचंही नाव वकीलपत्रात घाला.