पॅरेकोव्हायरस: लहान बाळांच्या फायलीत अडकलेला व्हायरस मोठ्यांमध्ये इतक्या उशिरा का दिसला

पॅरेकोव्हायरसची गोष्ट सुरू होते १९५६ मध्ये, तीही दुसऱ्याच कुणाच्या तरी यादीत. अमेरिकेत जुलाब झालेल्या लहान मुलांच्या शौचाच्या नमुन्यांत काही नवे व्हायरस सापडले. पोलिओचा काळ होता, सगळ्या लॅब आतड्यातल्या व्हायरसच्याच मागे लागलेल्या, त्यामुळे नवा कुणी सापडला की त्याला नंबर द्यायचा आणि एकोव्हायरसच्या (एन्टेरोव्हायरस म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या व्हायरसच्या गटातल्याच एका भागाच्या) यादीत टाकायचा असं चाललेलं, तसे यांना २२ आणि २३ नंबर मिळाले.

गंमत म्हणजे शंका लगेच आली होती. १९६१ मध्ये विगँड आणि साबिन (हो, तोंडातून द्यायच्या पोलिओ लशीवाले आल्बर्ट साबिन) यांनी दाखवलं की हे दोघं बाकीच्यांसारखे वागत नाहीत, पेशीच्या केंद्रकात वेगळेच बदल करतात. पण पुढची तीसेक वर्षं कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. १९९२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी एकोव्हायरस २२ चा जीनोम वाचला तेव्हा तो एन्टेरोव्हायरसशी नीट जुळेचना. एन्टेरोव्हायरसच्या कवचात चार प्रोटीन असतात, याच्यात तीनच, कारण त्यातलं एक प्रोटीन शेवटी कापलंच जात नाही. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी याला पॅरेकोव्हायरस नावाचा स्वतःचा वेगळा गट मिळाला.

हा फरक नुसता कागदावरचा नाहीये. एन्टेरोव्हायरससाठी जी पीसीआर टेस्ट करतात ती पॅरेकोव्हायरस पकडत नाही, त्याला वेगळे प्रायमर (व्हायरसच्या जनुकाला चिकटणारे छोटे तुकडे) लागतात. म्हणजे ताप, डोकेदुखी, मान आखडलेली असा पेशंट आला, पाठीतून पाणी काढलं, एन्टेरोव्हायरस निगेटिव्ह आला, की ‘काहीतरी व्हायरल असेल’ म्हणून फाइल बंद. त्यातून पॅरेकोव्हायरसच्या प्रकारांपैकी टाइप ३ हा लॅबमधल्या नेहमीच्या पेशींच्या कल्चरमध्ये नीट वाढतही नाही. अशा किती केसेस निसटल्या असतील कोण जाणे.

टाइप ३ ची ओळख झाली जपानमध्ये, १९९९ मध्ये, आणि २००४ मध्ये ते छापून आलं. पेशंट होती एक वर्षाची मुलगी, तिला ताप, जुलाब आणि काही काळ हातपाय लुळे. म्हणजे मज्जासंस्थेचा संबंध पहिल्याच केसपासून समोर होता. नंतर नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया (२०१३ ची मोठी साथ) वगैरे ठिकाणी तान्ह्या बाळांमध्ये सेप्सिससारखा (संसर्ग अंगभर पसरल्यासारखा) आजार, झटके, एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा असं दिसत गेलं, तेही बऱ्याचदा पाठीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसताना. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) डॉक्टरांना जो इशारा दिला तोही बाळांबद्दलच. सगळं लक्ष तिकडेच राहिलं, आणि बाळांना धोका सगळ्यात जास्त असल्यामुळे त्यात चूक म्हणावं असं काही नाही.

मोठ्यांची गोष्ट खरी सुरू होते २००८ च्या उन्हाळ्यात, जपानच्या यामागाता भागात. मुलांमध्ये टाइप ३ ची साथ चालू होती आणि त्याच वेळी वीसेक मोठी माणसं ताप आणि भयंकर अंगदुखी घेऊन आली, दुखणं मुख्यतः दंड-मांड्यांचं, सोबत अशक्तपणा, काहींची हाताची पकड सैल, काही पुरुषांना वृषणातही दुखत होतं. साथीची अंगदुखी हा प्रकार तसा जुना, डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटामुळे १९३० च्या दशकात तो गाजला होता, पण तिथे दुखणं छाती-पोटाचं आणि खापर फुटलं कॉक्सॅकी बी व्हायरसवर. इथे हातपाय होते, आणि बऱ्याच जणांमध्ये सापडला टाइप ३.

आता प्रश्न असा की ही कमजोरी नसेची की स्नायूची? अचानक हातपाय गळाले की गियाँ-बारे सिंड्रोमची (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) धास्ती वाटतेच, पण या पेशंट्समध्ये रक्तातलं सीके एन्झाइम (स्नायूंना इजा झाली की रक्तात येणारं) वाढलेलं दिसतं, म्हणजे मार स्नायूंना बसलाय, आणि बहुतेक जण काही दिवसांत पूर्ण बरे होतात. मोठ्यांमध्ये खरा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) किंवा एन्सेफलायटिस (मेंदूची सूज) झाल्याच्या केसेस अगदी तुरळक, एकेकट्या नोंदवलेल्या. माझ्या मते स्नायूंचा त्रास आणि मेंदूचा आजार या दोन गोष्टी एकाच टोपलीत टाकू नयेत, पण बऱ्याचदा टाकल्या जातात.

मोठे कमी का सापडतात याचं एक कारण सरळ आहे, टाइप १ लहानपणीच जवळपास सगळ्यांना होऊन जातो आणि अँटिबॉडी तयार होतात. टाइप ३ चं तसं सगळीकडे नाही, त्यामुळे काही जण तो न होताच मोठे होतात आणि मग घरातल्या लहान मुलाकडून त्यांना लागतो.

२०१५ मध्ये अमेरिकेत मेनिंजायटिस-एन्सेफलायटिसचं असं पॅनेल मंजूर झालं की ज्यात एकाच वेळी १४ जंतू तपासतात आणि त्यात पॅरेकोव्हायरसही आहे. पण ते पाठीच्या पाण्यावर चालतं. अंगदुखीवाल्या मोठ्या पेशंटच्या पाठीत सुई कोण घालणार, त्याचा व्हायरस सापडायचा तर घशाच्या स्वॅबमध्ये आणि शौचात, आणि साधी अंगदुखी समजून ते नमुने घ्यायचं सहसा कुणाच्या डोक्यातच येत नाही.