आहार आणि प्रोस्टेटचा कर्करोग

पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागाला वेढून असणाऱ्या अक्रोडाएवढ्या पुरःस्थ ग्रंथीला व्यवहारात प्रोस्टेट म्हणतात. या ग्रंथीचा कर्करोग बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर आढळतो. वाढते वय, वडिलांना किंवा भावाला झालेला हाच आजार आणि बीआरसीए २ या जनुकातील दोष हे त्याचा धोका वाढवणारे प्रमुख घटक होत. दिल्ली, कोलकाता आणि तिरुवनंतपुरम यांच्याप्रमाणे पुण्याच्या कर्करोग नोंदणीतही तो पुरुषांच्या आघाडीच्या कर्करोगांत गणला गेला आहे.

जपानमधून अमेरिकेत स्थायिक झालेल्या पुरुषांत या रोगाचे प्रमाण मायदेशातील पुरुषांपेक्षा वाढलेले दिसले, तेव्हा राहणीमानाकडे, आणि त्यातही आहाराकडे, संशोधकांचे लक्ष वळले. सर्वाधिक गाजावाजा झाला तो टोमॅटोचा. त्याला लाल रंग देणारे लायकोपीन स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून कच्च्या फोडींपेक्षा तेलातुपात शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीरात अधिक शोषले जाते. या हिशेबाने नारायणगावच्या बाजारातून पुण्यात येणाऱ्या टोमॅटोचे तुपाच्या फोडणीचे सार कोशिंबिरीपेक्षा सरस ठरेल. मात्र जागतिक कर्करोग संशोधन निधीने 2007 मध्ये 'संभाव्य' मानलेला हा संरक्षक परिणाम 2014 च्या आढाव्यात निष्कर्ष काढण्यास अपुरा ठरवला. सार रुचकर आहे म्हणून प्यावे, औषध म्हणून नव्हे.

गोळ्यांचा अनुभव तर उलटाच आला. अमेरिकेत 2001 मध्ये सुरू झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीत 35,000 हून अधिक पुरुषांना सेलेनियम, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निव्वळ औषधासारखी दिसणारी गोळी देण्यात आली. लाभ दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि 2011 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक आढळला.

दूधदुभते आणि कॅल्शियमचे फार मोठे प्रमाण यांचा धोक्याशी संबंध काही अभ्यासांत दिसला असला, तरी तो पुरावा मर्यादित आहे. सकाळचा चहा किंवा जेवणातले ताक सोडावे, असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय या कर्करोगावरील संप्रेरक उपचारांनी हाडे विरळ होतात, त्यामुळे अशा रुग्णांनी डॉक्टरांना न विचारता कॅल्शियम तोडणे घातक ठरू शकते.

एखाद्या पदार्थापेक्षा वजनाविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. लठ्ठपणामुळे पुढच्या टप्प्यातील, म्हणजे ग्रंथीबाहेर पसरलेल्या किंवा जीवघेण्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका वाढण्याची शक्यता वरील 2014 च्या आढाव्याने 'संभाव्य' या श्रेणीत नोंदवली. लठ्ठ पुरुषांत रक्ताचे एकूण प्रमाण अधिक असल्याने प्रोस्टेटमधून रक्तात येणारे पीएसए हे प्रथिन त्यात विरळ होते आणि या रोगाचा माग काढणाऱ्या पीएसए रक्तचाचणीचा आकडा कमी दिसू शकतो, आणि रोग ध्यानात येण्यास उशीर होण्याचे तेही एक कारण मानले जाते.