अल्पमुदतीच्या भाड्याचा हक्क : न्यू यॉर्कच्या घरमालकांची मोहीम

राहत्या घरातील खोली किंवा मजला ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी पाहुण्यांना भाड्याने देता यावा, यासाठी घरमालकांनी चालवलेली मोहीम. अमेरिकेतील अनेक शहरांत अशी मागणी झाली आहे. न्यू यॉर्कमध्ये ती प्रामुख्याने एक किंवा दोन बिऱ्हाडांच्या घरांच्या मालकांनी लावून धरली. यांतली बरीच घरे शहराच्या ब्रुकलिन आणि क्वीन्स या भागांत आहेत.

तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या निवासी इमारतींत मूळ रहिवासी हजर नसताना अशी भाडी घेण्यास राज्याने २०१० मध्ये कायदा करून मनाई केली होती. तरीही एअरबीएनबीसारख्या संकेतस्थळांवर अख्खे फ्लॅट सर्रास मिळत राहिले. त्यावर उपाय म्हणून शहराने २०२२ मध्ये ‘लोकल लॉ १८’ आणला आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. यजमानाने १४५ डॉलर शुल्क भरून नोंदणी करायची. नोंदणी नसलेल्या घराचे बुकिंग घेतले तर संकेतस्थळालाही दंड. नाड्या आवळल्या गेल्या त्या इथे. त्याआधी एअरबीएनबीने कोर्टात धाव घेतली होती, पण ऑगस्ट २०२३ मध्ये तो दावा फेटाळला गेला.

घरमालकांचा खरा राग अटींवर आहे. पैसे देणारे पाहुणे दोनच हवेत, यजमानाने त्याच बिऱ्हाडात मुक्कामी असावे, आणि पाहुण्यांना सगळ्या घरात वावर हवा, म्हणून आतल्या दारांना कुलूप चालत नाही. म्हणजे दुमजली घराचा मालक खाली राहत असेल, वरचा मजला रिकामा असेल, तरी तो मजला आठवडाभरासाठी देता येत नाही. अनोळखी माणूस घरात असताना निजायच्या खोलीला कुलूप लावायचे नाही, ही अट तर भल्याभल्यांना पटणारी नाही.

मग वर्षाच्या कराराने भाडेकरू का ठेवत नाहीत? न्यू यॉर्कमध्ये ३० दिवस राहिलेल्या माणसाला कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर काढता येत नाही, आणि थकबाकीदाराविरुद्धचा खटला रेंगाळतो. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या घरमालकाला ही धास्ती वेगळी समजावून सांगायला नको. शिवाय गावाहून आईवडील आले की जागा मोकळी हवी असते. कर्जाचा हप्ता आणि मालमत्ता कर मात्र दर वर्षी असतोच.

या मालकांनी ‘रिस्टोअर होमओनर ऑटॉनॉमी अँड राइट्स’ (रोअर) ही संघटना उभारली. मोठ्या इमारतींतल्या धंद्यासाठी केलेले नियम आपल्या राहत्या घरांना लावू नयेत, हा तिचा युक्तिवाद. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रुकलिनच्या नगरसेविका फराह लुई यांनी विधेयक मांडले. मूळ मसुद्यात यजमान गैरहजर असला तरी चालेल, पाहुणे चारपर्यंत आणि काही खोल्यांना कुलपाची मुभा, अशा तरतुदी होत्या.

हॉटेल कामगारांची संघटना आणि भाडेकरूंच्या संघटनांनी विरोध केला. विधेयकामागे एअरबीएनबीचे बळ होते, त्यामुळे सामान्य मालकांना पुढे करून कंपनीच आपला धंदा परत मिळवू पाहते, असा आरोप झाला. तो सरसकट खरा मानता येत नाही. विरोधकांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे : दुमजली घरांचे वरचे मजले हीच अनेक भाडेकरूंची घरे असतात, आणि पर्यटकांकडून जास्त पैसे मिळू लागले की ती आधी हातची जातात.

३० दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या भाड्याला ‘लोकल लॉ १८’ लागू नाही. त्यामुळे अनेक यजमान आता महिन्याच्या बोलीवर जागा देतात.