ओव्हरक्लॉकिंग : डेस्कटॉप प्रोसेसर आणि चिपगणिक बदलणारी मर्यादा

निर्मात्याने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेवर संगणकाचा प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. डेस्कटॉप संगणकात ही वारंवारता दोन आकड्यांच्या गुणाकारातून मिळते : एक बेस क्लॉक, जो आजच्या बहुतेक यंत्रांत १०० मेगाहर्ट्झ असतो, आणि दुसरा प्रोसेसरचा मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ४५ असेल तर कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला गणना करणारा भाग, ४.५ गिगाहर्ट्झवर चालतो. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममध्ये, जाऊन तो ५० केला की ५ गिगाहर्ट्झ होतात. आकडा बदलायला मिनिटभरही लागत नाही. तो टिकतो की नाही, हे मात्र मॉडेलच्या नावावरून कळत नाही. ते हाती आलेली चिप, तिला दिलेले व्होल्टेज आणि तिच्यातली उष्णता बाहेर पडण्याचा वेग यांवर ठरते.

तत्त्व : ५ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा असतो आणि तेवढ्या अवधीत प्रकाशदेखील निर्वातात सहाच सेंटीमीटर अंतर कापतो. या अवधीत विद्युत संकेताने ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून जाऊन पुढच्या टप्प्याच्या दाराशी स्थिर झालेले असले पाहिजे. तो स्थिर होण्याआधीच पुढचा ठोका पडला, तर चुकीचा अंक नोंदला जातो. प्रोसेसरमध्ये अशा असंख्य साखळ्या असतात आणि त्यांतली सर्वांत मंद साखळी संपूर्ण कोअरची मर्यादा ठरवते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करतात, म्हणून वारंवारता चढवणारा माणूस व्होल्टेजही चढवतो. त्याची किंमत जबर असते, कारण वापरली जाणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्झला चालणारी चिप १.३५ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झला नेली, तर वेग ११ टक्क्यांनी वाढतो आणि शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी. उष्णतेबरोबर वाढणारा गळती प्रवाह, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणारी वीज, यात अजून धरलेलाच नाही.

चिपगणिक फरक : प्रोसेसर साधारणपणे ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकतीवर शेकड्याने घडवले जातात. ट्रान्झिस्टरमधील वाहक पट्ट्याची लांबी, त्यावरच्या विद्युतरोधी थराची जाडी, सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या अशुद्धीच्या अणूंची संख्या या गोष्टी चकतीच्या मध्यापासून कडेपर्यंत, एका चकतीपासून दुसरीपर्यंत, इतकेच काय, एकाच चिपच्या दोन कोअरांमध्येही थोड्याथोड्या बदलतात. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसा हा फरक अधिक जाणवू लागला. ज्या भागात अशुद्धीचे अणू मोजकेच असतात, तिथे चार अणू कमी-अधिक झाले तरी गुणधर्म बदलतो. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून तिची प्रतवारी करतात आणि कोणत्या वारंवारतेला किती व्होल्टेज मागायचे याचा तक्ता तिच्यातच कायमचा नोंदवून ठेवतात. म्हणून एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले, एकाच नावाचे दोन प्रोसेसर एकाच वारंवारतेसाठी निरनिराळे व्होल्टेज मागतात.

या नशिबाच्या भागाला हौशी मंडळी ‘सिलिकॉन लॉटरी’ म्हणतात. नाव चटपटीत असले तरी त्यातून एक गैरसमज पसरतो, तो म्हणजे चिपा फक्त चांगल्या आणि वाईट अशा दोनच प्रकारच्या असतात. प्रत्यक्षात जास्त गळतीची चिप पुष्कळदा कमी व्होल्टेजवर वेगाने धावते, पण लवकर तापते. कमी गळतीची चिप जास्त व्होल्टेज मागते, पण त्या मानाने थंड राहते. पहिली भक्कम कूलरखाली शोभते, दुसरी साध्या हीटसिंकखालीही (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांखालीही) निभावून नेते. कोणती चांगली, हे तिच्या डोक्यावर काय बसवले आहे ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसऱ्याच्या यंत्रावरचे आकडे जसेच्या तसे आपल्या बायॉसमध्ये भरण्याची सवय त्यामुळेच निरर्थक ठरते.

निर्मात्याने ठेवलेली राखीव जागा जेवढी मोठी, तेवढा ओव्हरक्लॉकिंगला वाव. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हे याचे गाजलेले उदाहरण आहे. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर बांधलेला होता, पण बस (प्रोसेसरला बाकी यंत्राशी जोडणारा मार्ग, ज्याचे घड्याळ तेव्हा बेस क्लॉकचे काम करी) ६६ मेगाहर्ट्झऐवजी १०० वर लावली की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे आणि पुष्कळ चिपा हा भार सहज पेलत असत. उलट टोकाचे उदाहरण दोनच वर्षांनंतरचे. २००० साली बाजारात आणलेला १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ ठरलेल्या वेगावरही काही कामांत चुका करतो असे आढळले आणि इंटेलने तो महिन्याभरातच परत मागवला. राखीव जागा संपली की निर्मात्याचीही सुटका नसते. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलने बेस क्लॉक इतर बसच्या घड्याळांशी जोडला, त्यामुळे तो थोड्या टक्क्यांपलीकडे हलेना आणि खुला मल्टिप्लायर असलेल्या ‘के’ मालिकेला महत्त्व आले. एएमडीने २०१७ पासूनच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांत मल्टिप्लायर खुला ठेवला. २०२२ चा ५८००एक्स३डी हा अपवाद, कारण त्यावर रचलेल्या जादा कॅशच्या (चिपवरच्या वेगवान स्मृतीच्या) थरामुळे त्याला चढे व्होल्टेज सोसत नाही.

मर्यादा शोधणे : संगणक सुरू होणे आणि तो स्थिर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विंडोज उघडली, खेळही चालला, पण तासभराच्या व्हिडिओ रेंडरमध्ये यंत्र हँग झाले किंवा निळा पडदा आला, तर ती सेटिंग अस्थिरच. सर्वांत घातक चूक मात्र गाजावाजा न करता होते : यंत्र चालू राहते आणि एखाद्या फाइलमधला एखादा बिट बदलतो. मेर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्राम तपासणीसाठी लोकप्रिय झाला तो यामुळेच, कारण तो उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते करून पडताळणी करतो. मल्टिप्लायर एकेक पायरीने चढवावा, चूक दिसली की व्होल्टेज किंचित वाढवावे आणि तापमान किंवा व्होल्टेज नकोशा पातळीला पोहोचले की एक पायरी खाली यावे, अशी साधारण रीत आहे. एव्हीएक्स सूचनांचा (एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या आज्ञांचा) जड वापर करणारी कामे साध्या कामांपेक्षा बरीच जास्त शक्ती खेचतात, म्हणून केवळ हलक्या कामावर पारखलेली मर्यादा भरवशाची नसते.

कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती : हवेने किंवा पाण्याने थंड होणाऱ्या प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर उभे असते, खोली दहा अंशांनी तापली तर चिपही जवळपास तेवढीच तापते. या बाबतीत किनारपट्टी वाटते तितकी प्रतिकूल नाही. रत्नागिरी, मालवण, श्रीवर्धन या पट्ट्यात समुद्रामुळे दिवसाचे कमाल तापमान वर्षातला बहुतेक काळ २८ ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, तर विदर्भात ते मे महिन्यात पंचेचाळिशी गाठते आणि जानेवारीत बरेच खाली येते. नागपुरात हिवाळ्यात पारखलेली सेटिंग उन्हाळ्यात कोलमडू शकते. किनाऱ्यावर ठरवलेली सेटिंग बारा महिने बऱ्यापैकी टिकते. फक्त थंड रात्रींचा फायदा इथे मिळत नाही, कारण मे महिन्यात पहाटेही पारा २५ च्या खाली क्वचितच उतरतो.

दमट हवेत हीटसिंक नीट काम करत नाही, ही समजूत चुकीची आहे. दमट हवेत माणसाला उकडते ते घाम वाळत नाही म्हणून. हीटसिंकला घाम येत नाही आणि त्याच्यापुरते हवेचे तापमानच काय ते खरे. आर्द्रतेचा प्रश्न निराळ्या ठिकाणी उभा राहतो. पावसाळ्यात खोलीत २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या थोडा वर असतो, म्हणजे खोलीपेक्षा जेमतेम दोन अंश थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरू लागते. साधा वॉटर कूलर खोलीच्या तापमानाखाली जात नाही, त्यामुळे तो निर्धोक. पेल्टिए पट्टी (वीज दिली की एका बाजूने थंड होणारी पट्टी), बर्फाचे पाणी किंवा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) वापरून खोलीच्या तापमानाखाली जाण्याचा प्रयोग मात्र इथे सॉकेटच्या भोवती पूर्ण रोधन केल्याशिवाय मदरबोर्डच्या जिवावर बेततो. विक्रमांसाठी वापरला जाणारा द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. २०२२ च्या अखेरीस कोअर आय९-१३९००के याने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला तो द्रवरूप हेलियमखाली. अशा धावा अगदी थोडा वेळ टिकतात आणि रोजच्या वापराशी त्यांचा संबंध नसतो.

समुद्राजवळच्या घरांत खरा शत्रू मीठ आहे. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे सूक्ष्म कण जांभ्याच्या लाल धुळीसह कॅबिनेटमध्ये साठतात. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि किनाऱ्यावर पावसाळाभर आर्द्रता त्याहून जास्तच असते. बोर्डावरची कोरडी वाटणारी धूळ जूनमध्ये वीजवाहक थर बनते आणि तांब्याचे संपर्क, रॅमच्या खाचा, हीटसिंकच्या पात्या गंजू लागतात. ओव्हरक्लॉक केलेल्या यंत्रात पंखे अधिक हवा खेचतात, म्हणजे मीठही अधिक येते. पावसाआधी यंत्र उघडून कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने स्वच्छ करणे, रॅम काढून तिचे संपर्क पुसणे आणि यंत्र महिनोन्‌महिने बंद न ठेवणे हे उपाय महागड्या कूलरपेक्षा जास्त कामाला येतात. चालू यंत्राची ऊब आतली सापेक्ष आर्द्रता उतरवते, त्यामुळे मुंबईकराच्या गणपतीपुरत्या उघडणाऱ्या घरातला संगणक रोज राबणाऱ्या स्टुडिओतल्या संगणकाआधी गंजलेला दिसला तर नवल नाही.

वीज हा आणखी एक व्यावहारिक भाग. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटच पेलतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर एकटाच २५० वॉटच्या घरात गेला आणि सोबत ग्राफिक्स कार्ड असले, की वीज गेल्याक्षणी हा यूपीएस मान टाकतो. लग्नाच्या चित्रीकरणाचे एडिटिंग करणाऱ्यांनी वेग वाढवण्याआधी हा हिशेब केलेला बरा.

झीज : जास्त व्होल्टेज आणि तापमान यांनी चिप हळूहळू थकते. धातूच्या सूक्ष्म तारांतले अणू विद्युतप्रवाहाबरोबर सरकतात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. ट्रान्झिस्टरमधील विद्युतरोधी थरही क्षीण होतो. परिणामी वर्षभर स्थिर राहिलेली सेटिंग पुढे अधिक व्होल्टेज मागू लागते. कारखान्याच्या सेटिंगवरही हे घडू शकते : इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर चढ्या व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये मान्य झाले, आणि कंपनीने मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या नियंत्रक प्रोग्राममध्ये) दुरुस्ती करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान मात्र सहसा वॉरंटीत बसत नाही.

अलीकडचे प्रोसेसर तापमान आणि शक्ती पाहून स्वतःच वारंवारता वरखाली करतात, त्यामुळे पूर्वीची राखीव जागा बरीचशी कारखान्यातच वापरली जाते. हाताने सर्व कोअर एकाच आकड्यावर बांधण्यापेक्षा व्होल्टेज उतरवण्याकडे आता कल आहे. रायझन ५००० पासून आलेल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरचे व्होल्टेज स्वतंत्रपणे कमी करता येते : सशक्त कोअर जास्त कपात सोसतो, दुबळा थोडीच. वाचलेल्या शक्तीतून प्रोसेसर आपणहून वर चढतो, आणि बत्तीस अंशांच्या खोलीत पंख्यांचा आवाजही कमी होतो.