खोक्यावरचे वॉट आणि तळहाताएवढं पॅनल

आमच्या आखाड्यावर काकांनी गोठ्याच्या मेढीला एक सोलर दिवा ठोकला. (परभणी-हिंगोलीकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात, कुस्तीचा इथं संबंध नाही.) आठवडी बाजारातून साडेतीनशेला आणलेला, खोक्यावर ठळक '100 वॉट'. दोन-तीन रात्री झकास गेल्या. मग अकरा वाजताच तो मिणमिणायला लागला. "बघ रे, काय बिघडलं ह्याच्यात," काका म्हणाले.

बिघडलं काहीच नव्हतं. दुकानातून बॅटरी थोडी भरून आली होती, ती शिल्लक संपली आणि रोजच्या कमाईवर भागवायची वेळ आली. ती कमाई किती, हे सांगायला शाळेतली पट्टी पुरते. पॅनल भरलं 10 सेंमी बाय 8 सेंमी. लख्ख उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट ऊर्जा पडते, म्हणजे एवढ्याशा तुकड्यावर 8 वॉट. स्वस्त पॅनल त्यातला 15 टक्के भाग विजेत बदलतं असं धरलं, तर हाती येतो सव्वा वॉटही नाही. निरभ्र दिवशी अशा कडक उन्हाचे पाचेक तास मोजा: 6 वॉट-तास. एवढ्यावर खरोखरचा 100 वॉटचा दिवा चार मिनिटंही चालणार नाही. अर्ध्या वॉटचा मात्र रात्रभर चालेल. म्हणून दिवा घेताना खोकं वाचू नका, पॅनल मोजा.

काकांच्या दिव्याची ही कमाईसुद्धा पुरी होत नव्हती, कारण दुपारनंतर लिंबाची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर यायची. कोपराच तर झाकतोय, असं वाटतं. पण पॅनलमधल्या चकत्या एकामागं एक जोडलेल्या असतात. ठिबकच्या नळीला एका जागी पीळ पडला की पुढचं पाणी अडतं, तसंच इथं होतं. एका चकतीवर सावली आली की सगळ्या पॅनलची वीज घसरते.

मराठवाडा साधारण 18 ते 20 अक्षांशांत येतो. त्यामुळं पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि उतार वीसेक अंशांचा ठेवावा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, पण तो इतका माथ्यावर असतो की त्यानं फारसं बिघडत नाही. खरी परीक्षा डिसेंबरात. तेव्हा दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला 47 अंशांवरच असतो आणि रात्र लांबलचक. उत्तरेकडच्या भिंतीवर चिकटवलेल्या दिव्याला त्या दिवसांत थेट ऊन दिसतच नाही.

शेजारच्या काकूंचा दिवा तर लागायचाच नाही. तो होता ग्रामपंचायतीच्या खांबाखाली. या दिव्यांना अंधार ओळखायला बहुधा वेगळा डोळा नसतो, पॅनल हाच डोळा. त्याचा व्होल्टेज पडला की सर्किट दिवा लावतं. खांबावरच्या उजेडात त्याला रात्र झाल्याचं कळेना. पॅनलवर तळहात दाबून धरला, लगेच लागला! नवा दिवा घेतानाही दुकानातच असं करून पाहावं.

आता धूळ. सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा पॅनलवर पिठासारखा बसतो. कोरड्या फडक्यानं घासलं तर ओरखडे पडतात. सकाळी, पॅनल गार असताना, पाणी ओतून मऊ कापडानं पुसायचं. बोअरचं जड पाणी वापरलंत तर टिपून कोरडं करा, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि तेही ऊन अडवतात. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं.

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं मे महिन्यात वाटतं खरं. पण 25 अंशांच्या वर पॅनल जितकं तापेल तितकी दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज घटते. पॅनल 65 अंशांवर गेलं की 16 टक्के गेले. बॅटरीचे हाल त्याहून वाईट. लिथियम बॅटरी 45 अंशांपुढं चार्ज होत राहिली की लवकर म्हातारी होते, आणि पत्र्यावरच्या डबीत तेवढी उष्णता सहज साठते. म्हणून पॅनल वेगळं आणि दिवा वेगळा, मध्ये वायर, असा प्रकार घ्यावा. पॅनल उन्हात, बॅटरीचा दिवा वळचणीखाली. माणूस आला की उजळणारा सेन्सरही मेमध्ये आळशी होतो. तो अंगाच्या उष्णतेतला फरक ओळखतो, आणि भिंतच अंगाइतकी तापलेली असेल तर फरक कसला?

दीड-दोन वर्षांत दिवा मंदावला तर तो फेकू नका, बहुतेक वेळा नुसती बॅटरी संपलेली असते. मागचे स्क्रू काढून बॅटरीवरचा आकडा वाचा आणि तोच आकडा मागा. 3.7 व्होल्टच्या जागी 3.2 ची घातली तर ती प्रमाणाबाहेर चार्ज होते. जुनी उकिरड्यात किंवा चुलीत टाकू नका, लिथियम भडकतं.

काकांनी दिवा लिंबापासून चार हात लांब, दक्षिणेला हलवला. परवा बॅटरी बदलली, तेव्हा दिव्याच्या पाठीवर मार्करनं तारीख लिहिली. बैलांच्या लसीची तारीख ते गोठ्याच्या दारावर लिहितात, अगदी तशी.