‘अटॅक्सिया’ म्हणजे लकवा नव्हे
डॉक्टरांनी कागदावर ‘अटॅक्सिया’ लिहिलं की घरात कुजबुज सुरू होते: लकव्याचा सौम्य झटका आलाय. हा समज जुना आणि चुकीचा. लकव्यात ताकद जाते. अटॅक्सियात ताकद शाबूत असते, ताळमेळ जातो. कप घट्ट धरता येतो, पण ओठांपर्यंत येईतो निम्मा चहा बशीत. नाकाला बोट लावायला सांगावं, तर ते गालावर जातं. चालताना झोकांड्या जातात. शेजाऱ्यांना वाटतं, प्यायलाय! (हालचालींचा ताळमेळ लहान मेंदू राखतो आणि दारूही त्यालाच गुंगवते, म्हणून चाल सारखी दिसते.)

शब्द ग्रीक आहे. ‘टॅक्सिस’ म्हणजे रचना, शिस्त. आधीचा ‘अ’ नकाराचा, आपल्या ‘अव्यवस्था’तल्या ‘अ’चा सख्खा भाऊबंद. प्राचीन ग्रीक लोक विस्कळीत सैन्यालाही हाच शब्द लावत. १८५८-५९मध्ये फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी ‘लोकोमोटर अटॅक्सिया’चं, म्हणजे चालण्यातला ताळमेळ जाण्याचं, वर्णन केलं, तेव्हाच पक्षाघाताहून तो वेगळा काढला होता.

मात्र तोल अचानक गेला, तर मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याची शक्यता असते. तेव्हा शब्दार्थ राहू द्या, आधी हॉस्पिटल गाठा.