"प्रभूची इच्छा" म्हणणं आणि प्रभूवर भरवसा ठेवणं, हे एकच नाही बरं का

आमच्याकडं वावर बुडालं, पोराचं काम सुटलं, घरात आजारपण आलं की माणूस हमखास एकच बोलतो. शेजारी म्हणतात "जे व्हाचं ते होते बापा", आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो "प्रभूची इच्छा", आणि दोघंही खाटेवर बसलेले सारखेच शांत दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की विश्वास म्हणजे हेच, गपचूप सोसणं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मग एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी शिरलं आणि आमच्या मोठेबाबांचं अन् धुऱ्याला लागून असलेल्या काकाचं सोयाबीन एकाच रात्री पाण्याखाली गेलं. दोघंही एकाच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चमधले. काका म्हणाला, प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं, आणि घरात जाऊन निजला. मोठेबाबा मात्र संध्याकाळच्या प्रार्थनेत चक्क भांडले, "का रे बापा, मीच सापडलो का तुले? सोसायटीचं कर्ज काय तू फेडतं का?" मोठीआई तर घाबरूनच गेली. पण आमेन झाल्यावर त्यांनी मला उठवलं, चिखलात नेऊन मोबाईलवर फोटो काढायला लावले, आणि विम्याच्या नंबरवर फोन करायला लावला, कारण वावरात पाणी साचून नुकसान झालं तर पीक विम्यात तेव्हा ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं. काकाचे ते ७२ तास तसेच गेले. पुढच्या रविवारी लोक म्हणत होते, काकाचा विश्वास मोठा.

मला नाही पटत. काकानं जे वाक्य म्हटलं ते बायबलमधल्या ईयोबाचं आहे, देवभक्त असून सगळं गमावलेल्या माणसाचं, पण ते आहे त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, आणि पुस्तक आहे ४२ अध्यायांचं! तिसऱ्या अध्यायापासून ईयोब स्वतःच्या जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, देवाला जाब विचारतो, आणि शेवटी देव रागावतो तो ईयोबाला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर, म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं बरोबर बोलला नाहीत. हा भाग आमच्याकडं मयतीत कोणी वाचत नाही.

येशूचंही तेच. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असं तो देवाला म्हणाला खरा, पण त्याच्या आधी हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून मागितलं, तेही एकदा नाही. आपण पहिला अर्धा भाग गाळतो आणि दुसराच धरून बसतो.

म्हणजे फरक कुठं आहे तर समोर कोणी आहे की नाही, इथं. नशिबाशी भांडता येत नाही, त्याला कान नाहीत, म्हणून नशिबावर सोडलेला माणूस हळूहळू बोलायचंच बंद करतो, आणि गावात असं गप झालेलं माणूस दिसलं की मला त्याची काळजी वाटते. भरवसा असलेला माणूस कुरकुरतो, रडतो, कारण ऐकणारा आहे असं तो धरून चालतो. येशूनं काही संकट येणारच नाही असं सांगितलं नव्हतं, उलट जगात तुम्हाला क्लेश आहेत असंच सांगितलं, आणि मग धीर धरा म्हणाला.

पुढं ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचंच पाहा, त्यांचे आईवडील दुष्काळाच्या हालात गेले. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, आपलं नागपूर तेव्हा त्यातच, तेव्हा ही देवाची इच्छा म्हणून त्या पुण्यात बसल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्या इकडं आल्या आणि शेकडो पोरीबायांना घेऊन गेल्या.



काकाला मी दोष देत नाही. काकू गेली तेव्हा हेच "प्रभूची इच्छा" त्याला पुरलं होतं, तिथं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना. वावराच्या वेळी उरलं होतं, एवढंच.

मोठेबाबांचे विम्याचे पैसे आले ते अर्धेच. तेव्हापासून दर रविवारी आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी प्रार्थना झाली की ते शेवटी हळूच जोडतात, "आणि प्रभू, त्या विमावाल्याइकडं बी पाहाय जरा."